सांभाळणाऱ्यालाच नागीण झाली तर

मे महिना. बाहेर ४५ अंश, कूलर रात्रभर घरघरतोय, आणि माझ्या डाव्या बरगडीखाली कोणी उदबत्तीचं टोक टेकवून ठेवल्यासारखी आग होतेय. मी बाम चोळला. यांना बाथरूमपर्यंत धरून नेताना उसण भरली असणार, असं स्वतःच ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी गरम पाण्याची पिशवी घेतली. तिसऱ्या दिवशी पाठीपासून छातीखालपर्यंतचा पट्टा इतका हुळहुळा झाला की धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती ब्लाउजही टोचू लागलं. शनिवारी संध्याकाळी तिथे लाल पुरळ दिसलं, तर म्हटलं घामोळं आहे. मंगळवारी नागपुरातच धंतोलीत यांचं इंजेक्शन होतं, त्याआधी रक्त द्यायचं होतं, रिपोर्ट आणायचा होता. स्वतःच्या घामोळ्याकडे कोण बघतं!

सोमवारी सकाळी शेजारच्या काकू ताक घेऊन आल्या. मी वाकून पातेलं उचलताना त्यांना माझी पाठ दिसली. "अवं बाई, हे तं नागीण आहे व! आजच्या आज उतरवून घे. तोंड-शेपटी भेटली का माणूस हातचा गेला समज."

काकूंचं निदान अगदी बरोबर निघालं. उतरवून घ्यायला मात्र मी गेले नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पुरळ नेमकं कधी दिसलं? दिवस नको, वेळ सांगा." दुसरा प्रश्न, "घरी कोण कोण आहे?" या दोन प्रश्नांत सगळा विषय येतो, म्हणून हा लेखही त्यांच्याच भोवती फिरेल.

आमच्या घरी आम्ही दोघंच. लेक पुण्याला. यांना मल्टिपल मायलोमा आहे. हाडांच्या आतल्या मगजात अँटिबॉडी बनवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांचा हा कॅन्सर. म्हणजे शरीराचं संरक्षण करणारा कारखानाच बिघडलेला, वर उपचाराची औषधं आणि स्टेरॉइड त्याला आणखी दाबतात. अशा माणसाच्या शेजारी रात्री झोपणारी, त्याला स्पंज करणारी, त्याच्या पोटावरच्या इंजेक्शनच्या जागेला हात लावणारी व्यक्ती मी, आणि माझ्याच अंगावर विषाणूने भरलेले फोड.

नागिणीच्या उपचारात पहिले तीन दिवस सगळ्यात मोलाचे असतात. आणि आजाऱ्याला सांभाळणारा माणूस नेमके तेच तीन दिवस वाया घालवतो. मी जवळजवळ घालवलेच होते.

हा साप येतो कुठून

बाहेरून येत नाही. तो आपल्याच आत, बहुतेकदा लहानपणापासून, झोपलेला असतो. कांजिण्यांचा विषाणू आणि नागिणीचा विषाणू एकच: व्हॅरिसेला झोस्टर. कांजिण्या बऱ्या होतात, खपल्या पडतात, आई कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालते आणि सगळे विसरतात. विषाणू मात्र शरीर सोडत नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक नसेच्या मुळाशी एक बारीक गाठ असते, चेहऱ्याच्या नसांनाही अशा गाठी असतात, तिथे तो दबा धरून बसतो. वीस वर्षं, पन्नास वर्षं. शरीराची पहारा देणारी शक्ती ढिली पडली की त्याच नसेच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो.

इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर नावाच्या छोट्या गावात एडगर होप-सिम्प्सन नावाचे एक साधे फॅमिली डॉक्टर होते. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या नागिणीच्या प्रत्येक रोग्याची त्यांनी वर्षानुवर्षं नोंद ठेवली आणि १९६५ मध्ये ही कल्पना नीट मांडली की नागीण म्हणजे जुन्याच कांजिण्यांचं पुन्हा जागं होणं. मोठी प्रयोगशाळा नाही, रोग्यांची वही फक्त. मला हे फार आवडलं, कारण आजाऱ्याची वही मीही ठेवते.

आता तोंड-शेपटीची गोष्ट. ज्यांचं काटोल-वरुडकडे संत्र्याचं शेत आहे त्यांना हे चटकन कळेल. बागेत पाटाला एक बारं फोडलं की पाणी त्याच वाफ्यात जातं, शेजारच्या वाफ्यात जात नाही. तसंच शरीराच्या प्रत्येक नसेच्या मुळाला त्वचेचा एक ठरलेला पट्टा नेमून दिलेला असतो: उजवीकडच्या मुळाला उजवा, डावीकडच्याला डावा. विषाणू एका मुळापाशी जागा झाला की त्याच्याच पट्ट्यात फोड येतात आणि पाठीच्या कण्यापाशी आणि समोर छातीच्या मध्यरेषेपाशी येऊन थांबतात. पलीकडचा वाफा दुसऱ्या पाटाचा आहे. म्हणून निरोगी माणसात नागिणीचं तोंड शेपटीला सहसा भेटतच नाही.

शिवाय फोड आठ-दहा दिवसांत सुकतात, दोन ते चार आठवड्यांत खपल्या पडून त्वचा भरते, औषध घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी. आता मला सांगा, ज्या सापाचं तोंड शेपटीला मिळणारच नाही आणि जो महिन्याभरात आपणहून निघून जाणार आहे, तो उतरवणाऱ्याचा मंत्र फुकट कसा जाईल? काकूंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग आमच्या जेठाणीचं दुखणं वर्षभर काऊन राहिलं?" प्रश्न एकदम नेमका होता. त्याचं उत्तर पुढे येतं.

काळजीने नागीण होते का

मला सगळ्यांनी हेच सांगितलं: टेन्शन घेतलंस म्हणून झालं. जरा सावध राहून सांगते. नागिणीचं सगळ्यात पक्कं कारण वय आहे. पन्नाशीनंतर तिची शक्यता वाढत जाते, कारण या विषाणूवर पहारा देणाऱ्या पेशी वयाबरोबर थकतात. कॅन्सर, एचआयव्ही, अवयव बदलल्यानंतरची औषधं, जास्त दिवसांचे स्टेरॉइड, ही दुसरी पक्की कारणं. मानसिक ताणाबद्दल काही अभ्यास हो म्हणतात, काहींत संबंध दिसत नाही.

पण आजाऱ्याला सांभाळणाऱ्याचं शरीर थकतं, हे मात्र मोजून दाखवलेलं आहे. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रोग्याला सांभाळणाऱ्या तेरा बायका आणि त्यांच्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या तेरा बायका. प्रत्येकीच्या हातावर काही मिलिमीटरची एकसारखी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. सांभाळणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. प्रयोग नागिणीवरचा नव्हता, बायकाही थोड्याच होत्या. तरी दोन वर्षं रात्री दोन वाजता उठणाऱ्या माझ्यासारखीला तो वाचून कोणीतरी दखल घेतल्यासारखं वाटलं.

"टेन्शन घेऊ नको" हा सल्ला मात्र मला कधीच कळलेला नाही. घेऊ नको म्हणजे ठेवू कुठे?

माझ्यामुळे यांना काही होईल का

डॉक्टरांच्या दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात हेच होतं. इथे घरोघरी गोंधळ असतो, एकतर अजिबात काळजी नाही, नाहीतर बाईला थेट माहेरी पाठवणं.

नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही, कारण नागीण ही ज्याच्या त्याच्या आतली. पण फोडांतल्या पाण्यात विषाणू जिवंत असतो. ज्याला कधीच कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, अशा माणसाला त्या पाण्याचा संपर्क झाला तर त्याला कांजिण्या होऊ शकतात. धडधाकट पोराला झाल्या तर आठ-दहा दिवसांची कटकट. केमो चालू असलेल्या माणसाला झाल्या तर फुप्फुसापर्यंत, मेंदूपर्यंत जाऊ शकतात. गरोदर बाई आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ, यांनाही तितकंच जपायचं.

फोड येण्याआधी नुसती आग होत असते तेव्हा लागण होत नाही. सगळ्या फोडांवर खपली धरली की लागणीचा काळ संपला. मधल्या आठवड्या-दीड आठवड्याचा काय तो प्रश्न. आणि एकाच पट्ट्यातली नागीण नीट झाकून ठेवली तर धोका खूपच कमी होतो. कांजिण्यांच्या मानाने ही पुष्कळच कमी पसरते. फोड एका पट्ट्याबाहेर अंगभर पसरले तर गोष्ट वेगळी. तेव्हा विषाणू हवेतूनही जाऊ शकतो आणि खोली वेगळी करावीच लागते.

म्हणून पहिलं काम: आजाऱ्याच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. उद्या नाही, मंगळवारी भेटणारच आहोत तेव्हा नाही. मी सोमवारी दुपारी त्वचेच्या डॉक्टरांच्या जिन्यातूनच केला. त्यांनी विचारलं, यांना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? यांना आठवेना. सावनेरला वन्संना फोन लावला. त्या ठामपणे म्हणाल्या, "याले देवी आल्या होत्या ना, मायनं नवस केला होता." आता आली पंचाईत. देवी आणि कांजिण्या हे दोन वेगळे रोग. देवीचा रोग भारतातून गेल्याचं १९७७ मध्ये जाहीर झालं, पण यांच्या लहानपणी तो गावोगाव होता, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात "देवी", "माता", "बाया" यांची अशी सरमिसळ असते की त्यावरून काहीच ठरवता येत नाही. शिवाय आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांत कांजिण्या थंड देशांइतक्या सरसकट लहानपणीच उरकत नाहीत. मोठेपणापर्यंत त्या न झालेली माणसं आपल्याकडे बरीच सापडतात. "सगळ्यांनाच होऊन गेलेल्या असतात" असं धरून चालू नये.

डॉक्टरांनी यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी सांगितली. ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे विषाणूशी जुनी ओळख आहे. नसती, तर तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन किंवा विषाणूविरोधी गोळ्या, यांपैकी काय द्यायचं ते त्यांनी ठरवलं असतं. ते इंजेक्शन संपर्कानंतर जितक्या लवकर तितकं चांगलं, उशिरात उशिरा दहा दिवसांच्या आत. फोन त्याच दिवशी का करायचा, याचं हे कारण. कांजिण्या उठायला साधारण दहा ते एकवीस दिवस लागतात, तेव्हा तीन आठवडे यांच्या अंगावर एखादा फोड किंवा ताप दिसतो का, हे पाहत राहायला सांगितलं.

आणि मंगळवारचं काय? मला डे-केअरला, म्हणजे इंजेक्शन देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या विभागात, येऊ नका असं सांगितलं. तेव्हा राग आला, पण त्या हॉलमध्ये शेजारी-शेजारी खुर्च्यांवर दहा-बारा माणसं असतात, गोंदिया-गडचिरोलीपासून, बालाघाटपासून आलेली, सगळ्यांचीच ताकद औषधांनी खाली आणलेली. फोड ओले असताना तिथे जाणं म्हणजे आपल्या एकाच माणसाचा नाही, सगळ्यांचा धोका. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या रोग्याच्या घरी तर नियम याहून कडक असतात. तिथे खपल्या धरेपर्यंत दुसऱ्यानेच सांभाळावं असंही सांगतात.

आमच्या घरापुरतं ठरलं ते असं. फोडांवर न चिकटणारं गॉज, वरून सैल सुती सदरा, यांचाच जुना. मी वेगळ्या खाटेवर. टॉवेल, चादर वेगळी, पण धुणं नेहमीच्याच साबणाने. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, विषाणू वरणातून जात नाही. जागा बदलली की, मलम लावलं की, साबणाने हात. स्पंज, पाठ चोळणं, इंजेक्शनची जागा पाहणं ही अंगाला अंग लागणारी कामं दहा दिवस पुतण्याकडे. गोळ्या काढून देणं, जेवायला वाढणं, बाजूला खुर्ची टाकून पेपर वाचून दाखवणं ही माझ्याकडेच राहिली. मला वाटत होतं सगळंच हातातून जाईल. गेलं ते फक्त अंगाला हात लावण्यापुरतं.

७२ तास

पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर फोड लवकर सुकतात, आग कमी होते. माझे सोमवारी दुपारपर्यंत साधारण ४५ तास झाले होते. ७२ उलटून गेले तरी घरी बसू नये. नवे फोड येत असतील, वय जास्त असेल, डोळ्याजवळ असेल, तर डॉक्टर नंतरही देतात.

गोळ्यांची नावं असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर, फॅमसायक्लोव्हिर. असायक्लोव्हिरचा मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम, दिवसातून तीन वेळा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून डायबिटीस-बीपीवाल्यांनी शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्यावा. आणि पाणी. नागपूरच्या मे महिन्यात अंगातलं पाणी घामातच जातं, त्यात ही गोळी मूत्रपिंडातून बाहेर पडते. डॉक्टरांनी मला औषधाइतकंच पाणी बजावलं.

इथे माझी एक चूक होता होता राहिली, ती सांगते कारण बऱ्याच घरांत होऊ शकते. यांच्या गोळ्यांच्या डब्यात असायक्लोव्हिर होतीच! मायलोमाच्या ज्या इंजेक्शनवर हे आहेत, त्या बोर्टेझोमिबमुळे नागिणीचा धोका वाढतो, म्हणून ती येऊच नये यासाठी ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा चालू असते. काकू "नागीण" म्हणाल्या तेव्हा मनात आलंच, यांच्याच पाकिटातल्या चार घेऊन टाकते, डॉक्टरांची फी वाचेल. पण राखणीचा डोस आणि उपचाराचा डोस यांत पाचपटीचा फरक आहे. मला त्याने गुण आला नसता आणि यांची गोळी मात्र मध्येच संपली असती.

या गोळीमागची बाई मला लक्षात राहिली. गरट्रूड एलियन पंधरा वर्षांची असताना तिचे आजोबा पोटाच्या कॅन्सरने गेले. ते पाहून तिने रसायनशास्त्र धरलं. असायक्लोव्हिर तिच्या गटाच्या कामातून आलं, १९८८ मध्ये तिला नोबेल मिळालं. गोळीची युक्ती अशी: ती शरीरात शांत पडून राहते. तिला जागं करतो तो विषाणूचाच एक एन्झाइम. म्हणजे चोराच्याच किल्लीने उघडणारा सापळा. जिथे चोर शिरला आहे त्याच पेशीत तो प्रामुख्याने उघडतो, बाकीच्या पेशींना फारसा धक्का लागत नाही.

बाकी उपचार साधे. थंड ओल्या फडक्याची पट्टी, कॅलामाइन, रोज आंघोळ, साबण-पाण्याने हळू धुऊन टिपून कोरडं करणं. आंघोळ बंद करायची नाही, उलट घामाने फोड चिघळतात. गेरू, चुना, टूथपेस्ट लावू नये, फोड फोडू नयेत. वांगं-बटाटं सोडायचं कारण नाही. चिठ्ठीवर "हर्पीस" असं लिहिलेलं पाहून औषधाच्या दुकानातला पोरगा जरा विचित्र बघतो, त्यानेही खचू नये. लैंगिक संबंधातून पसरणारा हर्पीस याच घराण्यातल्या दुसऱ्या विषाणूचा, याचा त्याच्याशी संबंध नाही. पैशांची ओढाताण असेल तर मेडिकलला आणि मेयोला त्वचारोग विभाग आहे. आम्ही नागपूरकर "मेडिकल" म्हणतो ते सरकारी कॉलेजचं हॉस्पिटल, दुकान नाही, आणि मेयोही तसंच, हे बाहेरगावच्यांसाठी.

मात्र काही वेळा सकाळची वाट पाहायची नसते. कपाळावर, पापणीवर, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याला धोका असतो, त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. कानाजवळ फोड येऊन चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली, अंगभर फोड पसरले, ग्लानी आली, लघवी अडली, तरीही तसंच. आणि ही चिन्हं तुमच्या आजारी माणसावर दिसली तर दुप्पट घाईने, कारण त्याच्या अंगात तीच नागीण जास्त दूरवर जाऊ शकते.

काकूंच्या जेठाणीचं दुखणं

फोड गेले तरी नस दुखावलेली राहू शकते. तारेवरचं प्लॅस्टिक जळून गेल्यासारखं. वारा लागला तरी झिणझिणतं, पदराचा काठ घासला तरी कळ येते. पुरळ उठल्यानंतर तीन महिने उलटूनही दुखत राहिलं तर त्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. नागीण झालेल्या दर शंभरांत साधारण दहा ते अठरा जणांना ते होतं, वय जास्त तसं जास्त. त्यावर साध्या दुखण्याच्या गोळ्या पुरत नाहीत. गॅबापेंटिन, प्रीगॅबलिन, अमिट्रिप्टिलिन अशी नसांवर काम करणारी औषधं लागतात. अमिट्रिप्टिलिन हे मुळात नैराश्याचं औषध. नाव इंटरनेटवर शोधून घाबरू नये, इथे त्याचा डोस कमी असतो आणि काम वेगळं.

पण या औषधांनी गुंगी येते, तोल जातो. सांभाळणाऱ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती कोणी आपणहून विचारत नाही. रात्री दोनला यांना उठवून न्यायचं आणि मीच झोकांडी खाल्ली तर? यांची हाडं मायलोमाने आधीच पोखरलेली. मी डॉक्टरांना सरळ सांगितलं, रात्री मला माणूस उचलावा लागतो. त्यांनी अगदी लहान डोसपासून सुरुवात केली आणि पहिल्या चार-पाच रात्री घरात दुसरं कोणी असू द्या म्हणाले. पुतण्या मानेवाड्याहून झोपायला आला.

पुतण्याला बोलावणं हेच खरं अवघड गेलं. "काकू, काही लागलं तर सांगा" असं तो दोन वर्षं म्हणत होता, मी दोन वर्षं "हो रे" म्हणत होते. या वाक्याला "हो" म्हटलं की दोघंही मोकळे होतात. या वेळी मी म्हटलं, "मंगळवारी साडेआठला काकांना धंतोलीला ने, फाइल टेबलावर आहे, अडीचपर्यंत बसावं लागेल, आणि शुक्रवारपर्यंत रात्री इथे झोप." तो लगेच आला. त्याला मदत करायची होतीच, काय करायचं ते कळत नव्हतं.

यांना सांगणं

मी दोन दिवस यांच्यापासून लपवलं. कॅन्सरपुढे या पुरळाचं कौतुक काय करायचं, असं वाटत होतं. बहुतेक सांभाळणारी माणसं असंच तोलतात: त्याचं दुखणं मोठं, माझं किरकोळ. शिवाय, खरं बोलायचं तर, चिडचिड होत होती. हे रात्री हाक मारायचे आणि माझ्या तोंडून "काय आहे आता?" निघायचं. यांना वाटायचं मी कंटाळले. मी कंटाळले नव्हते, मला जळत होतं. पण ते यांना कसं कळणार? लपवण्यात धोकाही होताच, कारण त्या दोन रात्री मी यांच्याच शेजारी, उघड्या फोडांनिशी झोपले.

सोमवारी संध्याकाळी सगळं सांगितलं. हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पाच वेळा गोळी घ्यायची म्हणते, तू विसरशील. मी देतो. मला तरी काय काम आहे?" आणि मोबाइलवर गजर लावले: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. सात दिवस प्रत्येक गजराला पाण्याचा भरलेला ग्लास माझ्या खाटेजवळच्या स्टुलावर असायचा. एकदा मी म्हटलं, मी उठून घेते ना. तर म्हणाले, "बस तू. दोन वर्षांत पहिल्यांदा मी कोणाला तरी काही देतोय."

लसीबद्दल दोघांनाही सांगितलं आहे. शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. तिच्यात जिवंत विषाणू नाही, म्हणून यांच्यासारख्यांनाही देता येते, फक्त वेळ कॅन्सरच्या डॉक्टरांनी ठरवायची. नागीण होऊन गेलेल्यांनीही, फोड पूर्ण बरे झाल्यावर, ती घ्यावी, कारण नागीण पुन्हा होऊ शकते. सरकारी मोफत लसीकरणात ती नाही आणि खिशाला जड आहे. दोघांच्या चार डोसांचा हिशेब अजून जुळतो आहे. यांचं म्हणणं आधी माझे.

काकू दोन दिवसांनी कडुलिंबाचा पाला आणि एक नारळ घेऊन आल्या. पाला मी आंघोळीच्या पाण्यात टाकला, नारळाची चटणी केली.

फोड जाऊन आता पाच आठवडे झाले. डाव्या कुशीत एक हातभर पट्टा अजून झिणझिणतो. रात्री दहाचा गजर यांनी बंद केलेला नाही. तो वाजला की विचारतात, "आज दहापैकी किती?" मी आकडा सांगते आणि हे तो यांच्याच दुखण्याच्या वहीत, शेजारी नवा रकाना आखून, लिहून ठेवतात. काल यांचा चार होता, माझा तीन.